न हलणारं पाणी

११ फेब्रुवारी २०२५, मंगळवार. तुकूम, चंद्रपूर

बारावीचा पहिला पेपर, इंग्रजीचा. दूध आणायला निघालो तर शाळेच्या फाटकापासून पानटपरीपर्यंत दोरी ताणलेली, झेरॉक्सचं दुकान बंद, आणि कडुनिंबाखाली खुर्ची टाकून हवालदार. वर ड्रोन घोंघावत होता. ज्यांच्यावर नजर ठेवायची ती पोरं माना वर करून त्याच्यावरच नजर ठेवून होती. आमच्या वेळी कॉपी पुरवायला खास मामा लागायचा, पाइपवरून चढून खिडकीशी पोचणारा. आईकडचाच असायचा असं नाही, पण त्याला मामाच म्हणत.

रात्री भाच्याचा फोन आला. मूलच्या एका राइस मिलमध्ये उसन्या तांदळाच्या बॉयलरवर हेल्पर आहे. कोंडा टाकायचा, राख ओढायची. तीन वर्षं झाली. "मामाजी, बॉयलर अटेंडंटची परीक्षा देतो म्हणतो. दुसऱ्या वर्गाची. शिकवान का?"

शिकवीन म्हटलं. पस्तीस वर्षं बॉयलर आणि टर्बाइनमध्ये काढली, आता कुणी विचारत नाही. बायको म्हणाली, चला, तुम्हाला काम मिळालं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सातच्या बसने आला. पिशवीत जेवणाचा डबा, टॉवेल आणि स्पायरल घातलेली झेरॉक्स. दोनशे प्रश्न, दोनशे उत्तरं. छपाई इतकी फिकी की ही प्रत कितव्या प्रतीची असावी याचा अंदाज येईना.

एक प्रश्न विचारला. काचेत पाणी दिसत नसेल तर काय करशील? पोराने डोळे मिटले आणि घडघडा म्हणून दाखवलं. फीड पंप चालू करू नये. आग काढावी. हवा बंद करावी. बॉयलर सावकाश थंड होऊ द्यावा. एक शब्द चुकला नाही. तापून लाल झालेल्या, पाणी सरलेल्या बॉयलरमध्ये थंड पाणी सोडलं की त्याची क्षणात वाफ होते, पोलाद तडकतं आणि मिलचं छप्पर शेजारच्या धानाच्या बांधीत जाऊन पडतं. तेही त्याने सांगितलं, फक्त छप्पर आणि बांधी माझी.

मग विचारलं, "तुमच्या बॉयलरची काच कुठे आहे?"

गप्प.

"काळी पडली जी मामाजी. दिसत नाई काही. पंपाच्या आवाजावरून समजते आमाले."

२०० पैकी २०० मिळवेल हा. गेल्या साली तलाठी भरतीच्या निकालात एका उमेदवाराला २०० पैकी २१४ पडले होते. लोक आठवडाभर हसले, मग कळलं ते सामान्यीकरणाचं गणित होतं. वेगवेगळ्या पाळ्यांचे पेपर सोपे-अवघड, म्हणून गुण वर-खाली करतात. गणित बरोबर असेलही. पण ज्याने पहिल्यांदा तो आकडा वाचला, त्याने वहीवरची नजर उचलून समोरच्या माणसाकडे पाहायला नको होतं का?

१६ फेब्रुवारी, रविवार

शेजारी घराचं काम चालू आहे. गवंड्याकडून लेव्हलची नळी मागून आणली. पारदर्शक, वीसेक फूट, आत पाणी. भाच्याला एक टोक धरायला लावलं, दुसरं मी. दोन्हीकडे पाणी एका उंचीवर. मी माझं टोक खाली केलं, पाणी हललं. मग अंगठा टोकावर दाबला आणि पुन्हा खाली केलं. आता हलेना.

"पाणी तर तेवढंच आहे," तो म्हणाला.

तेच. बॉयलरच्या काचेला तीन कॉक असतात. वरचा वाफेचा, खालचा पाण्याचा, आणि तळाशी निचऱ्याचा. पाण्याच्या कॉकमध्ये क्षार साचले की माझा अंगठा लागला म्हणून समज. आत ड्रममध्ये पाणी उतरत जातं आणि काचेत मात्र मघाचं पाणी तसंच उभं राहतं. चालू बॉयलरच्या काचेतलं पाणी सारखं थरथरतं, वर-खाली श्वास घेतं. ज्या काचेतलं पाणी हलत नाही तिच्यावर विश्वास ठेवू नकोस. दर पाळीला निचरा उघडून काच फुंकायची, एक-एक कॉक बंद करून दुसऱ्यातून काय येतं ते पाहायचं. पाणी आलं पाहिजे, नुसती वाफ नव्हे.

हे त्याच्या झेरॉक्समध्ये आहे. प्रश्न क्रमांक ४१. उत्तर पाच ओळींचं. दुपारभर आम्ही नळी घेऊन अंगणात उभे होतो. गवंड्याने दोनदा येऊन विचारलं, झालं का जी.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आजपासून दहावी. मराठीचा पहिलाच पेपर आणि दुपारपर्यंत जालना जिल्ह्यातून तो फुटल्याची बातमी. मातृभाषेचा पेपर!

संध्याकाळी कट्ट्यावर निवृत्त मास्तरांनी टीईटीचा विषय काढला. २०१९-२० सालच्या परीक्षेत पैसे घेऊन गुण वाढवून दिल्याचं पुणे सायबर पोलिसांनी २०२१ च्या डिसेंबरात उघड केलं. ज्या परिषदेने परीक्षा घ्यायची तिच्याच आयुक्तांना अटक झाली. पुढच्या वर्षी सात हजार आठशेहून अधिक जणांची नावं काळ्या यादीत गेली. मास्तर म्हणाले, टीईटी म्हणजे शिकवण्याचं लायसन्स, आणि ते विकत घेतलेला मास्तर वर्गात जाऊन पोरांना सांगणार, कॉपी करू नका बाळांनो.

मी म्हटलं, मास्तर कच्चा निघाला तर कळायला वीस वर्षं लागतात. बॉयलरवाला कच्चा निघाला तर वीस सेकंदं पुरतात. मास्तरांना हे आवडलं नाही. त्यांचंही खरं आहे, वीस वर्षांचं नुकसान लहान म्हणता येत नाही.

२६ फेब्रुवारी, बुधवार. महाशिवरात्र

बहिणीच्या हट्टापायी मार्कंड्याला. चंद्रपूरहून मूल, सावली, व्याहाड, मग वैनगंगेचा पूल ओलांडून गडचिरोली आणि पुढे चामोर्शीकडे. पळस फुटलाय, अंगावर पान नाही आणि फुलांनी पेटलेला. गडचिरोलीच्या अलीकडे भल्या पहाटे रस्त्याच्या कडेने पोरं-पोरी धावताना दिसल्या, पायात कॅनव्हासचे बूट, हातात मोबाइलचं स्टॉपवॉच. पोलीस भरती. धावण्यात कॉपी करता येत नाही, एवढं एक बरं.

मार्कंड्याला वैनगंगा उत्तरेकडे वळते म्हणून तिचं माहात्म्य. गर्दीत भाचा माझा हात धरून चालत होता, लहानपणी मी त्याचा धरायचो तसा. वाळूत बसून खिचडी खाताना म्हणाला, "मामाजी, एक जण भेटला होता. तीस हजार म्हणते. पेपरचं आपण पाहून घेऊ म्हणते, तू फक्त बस."

असे सगळीकडे फिरतात. त्यांच्या हातात खरंच काही असतं की नाही कुणास ठाऊक. बहुतेक वेळा नसतंच. पास झालास तर पैसे त्याचे, नापास झालास तर परत. दहांना हेच सांगायचं, चार आपोआप पास होतात. धंदा म्हणून बिनतोड आहे.

"तुझ्याकडे आहेत तीस हजार?"

"आईच्या पाटल्या आहेत."

बहीण चार हातांवर बसून बेलाची पानं निवडत होती. मी काही बोललो नाही. बोलायला हवं होतं. पण मला आधी माझंच काही आठवलं आणि तोंड उघडेना. ते इथे लिहायचं की नाही ते ठरवतो.

२ मार्च, रविवार

मुलाने पुण्याहून छापून पाठवलेली बाडं काढली. थ्री माइल आयलंड. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियामधलं अणुवीज केंद्र. नोकरीत असताना एका प्रशिक्षणात त्यावर तासभर ऐकलं होतं, तेव्हापासून डोक्यात आहे. अणुभट्टी म्हटलं की आपल्या लोकांना वाटतं काही तरी ब्रह्मास्त्र. आत बघावं तर पाणी, वाफ, पंप आणि व्हॉल्व्ह. आग तेवढी वेगळी. आणि ती विझवली तरी निखारा धगधगत राहतो, त्यावर पाणी सोडत राहावंच लागतं.

२८ मार्च १९७९. पहाटेचे चार. दुसऱ्या युनिटचे फीड पंप बंद पडले, टर्बाइन ट्रिप झालं, भट्टी बंद झाली. इथवर रोजचंच. दाब वाढला म्हणून वरचा रिलीफ व्हॉल्व्ह उघडला, आणि दाब उतरल्यावर बंद व्हायचा तो झालाच नाही. अडकला. कंट्रोल रूममधला दिवा मात्र विझला. त्या दिव्याची गोम अशी की व्हॉल्व्ह बंद झाला की नाही हे तो सांगतच नव्हता. बंद हो असा हुकूम सुटला, एवढंच सांगत होता.

मग अलार्म. शंभरावर, काही मिनिटांत. अलार्म छापणारा प्रिंटर मागे पडला, तासाभरापूर्वीचं छापत बसला. भट्टीत पाणी किती आहे हे थेट दाखवणारा काटाच नव्हता. शेजारच्या एका टाकीच्या पातळीवरून अंदाज बांधायचा. त्या टाकीची पातळी चढत होती, कारण व्हॉल्व्ह वरच्या बाजूला उघडा आणि खाली भट्टीत पाण्याची वाफ होत चाललेली. डेस्कवरच्या लोकांना वाटलं, पाणी फार झालं. त्यांना शिकवलेलंच असं की ती टाकी काठोकाठ भरू द्यायची नाही. म्हणून आपोआप सुरू झालेलं आपत्कालीन पाणी त्यांनी हाताने कमी केलं. दोन तासांहून जास्त वेळ तो व्हॉल्व्ह गळत होता. भट्टीचा निम्म्याच्या आसपास गाभा वितळला.

प्रश्न क्रमांक ४१! काचेत पाणी भरपूर, आत कोरडं.

ती माणसं अडाणी नव्हती. लायसन्सधारी होती. अपघातानंतरच्या चौकशी आयोगाने प्रशिक्षणावर बोट ठेवलं. हीच चूक दीड वर्ष आधी, १९७७ च्या सप्टेंबरात, ओहायोतल्या डेव्हिस-बेसी केंद्रात घडली होती. तिथे व्हॉल्व्ह वेळेत लक्षात आला. धडा मात्र पुढच्या गावाला पोचला नाही.

५ मार्च, बुधवार

खरी गोष्ट त्याच्या पुढची आहे.

अपघात दुसऱ्या युनिटचा. पहिलं युनिट धडधाकट, पण तेही बंद ठेवलं. लोकांचा विश्वास बसल्याशिवाय सुरू करायचं नाही. सरकारच्या अणुनियामकाने ऑपरेटरांच्या परीक्षा कडक केल्या, पास व्हायची रेघ सत्तरवरून ऐंशी टक्क्यांवर नेली. सगळ्यांनी पुन्हा परीक्षा द्यायची. १९८१ च्या एप्रिलमध्ये ती झाली. जुलैत तपासणाऱ्यांच्या लक्षात आलं की दोन शिफ्ट सुपरवायझरांची उत्तरं एकसारखी आहेत. चुकासुद्धा त्याच.

सगळा देश ज्यांच्याकडे डोळे लावून बसलेला, त्यांनीच शेजारच्याच्या पेपरात डोकावलं. सुनावणी झाली. त्या कागदांत दोघांना नावं नाहीत, नुसती अक्षरं आहेत. ही सभ्यता मला फार आवडली. आपल्याकडे फोटो छापला असता. विस्कॉन्सिनच्या कायद्याच्या एका प्राध्यापकाला खास नेमलं होतं, गॅरी मिलहोलिन. त्यांचा अहवाल १९८२ च्या एप्रिलमध्ये आला. दोघांपुरतं प्रकरण राहिलं नाही. परीक्षेवरची देखरेख किती ढिली होती तेही निघालं. पहिलं युनिट सुरू व्हायला १९८५ चा ऑक्टोबर उजाडला.

मी तीनदा वाचलं ते एवढ्यासाठी की वर्षानुवर्षं डेस्कवर बसलेले हे लोक, त्यांना कॉपी करावी का लागली? दोनच शक्यता. एक, त्यांना येत नव्हतं. दुसरी जास्त वाईट. त्यांना काम येत होतं आणि पेपर भलतंच विचारत होता. मग पेपर हा कामाचा भाग न राहता कामातला अडथळा होतो, आणि अडथळा माणूस ओलांडतो, जमेल तसा.

२०१४ साली अमेरिकेतच मोंटानामध्ये, अण्वस्त्रांची क्षेपणास्त्रं सांभाळणाऱ्या हवाई दलाच्या अधिकाऱ्यांनी मासिक चाचणीची उत्तरं मोबाइलवर एकमेकांना पाठवल्याचं निघालं. शंभराच्या घरात नावं गुंतली. नव्वद गुणांना पास होता यायचं त्या परीक्षेत. पण बढतीसाठी वरच्यांना शंभरच हवे असायचे. नव्वदचं येत होतं, दहा गुणांसाठी कॉपी.

६ मार्च

काल लिहिता-लिहिता अंगातला मास्तर जागा झाला. पुरे.

९ मार्च, रविवार

भाचा आला. लॉगशीट भरायला शिकवलं. तासातासाला दाब, पातळी, धुराचं तापमान. त्याने खिशातून पेन काढलं आणि सकाळी सहा ते दुपारी दोन, एका दमात आठ रकाने भरले. ७.०, ७.०, ७.०.

"हे काय?"

"असंच भरतो जी आमी. पाळी संपायच्या आधी. सात किलो तर असतेच ना."

हसू आलं, कारण आम्हीही तेच करायचो. 'बसल्या बसल्या रीडिंग'. थंडीत आणखी जास्त. बाहेर बॉयलरच्या सहाव्या मजल्यावर जाऊन काटा कोण पाहतो. आता तर आमच्या भागात वाघ फिरतो. २०२२ च्या फेब्रुवारीत इथल्या औष्णिक केंद्राच्या परिसरात रात्री कामावरून निघालेल्या माणसाला वाघाने मारलं, दुसऱ्याच दिवशी दुर्गापुरात बिबट्याने एक पोरगा नेला. अशा रात्री कोणी मीटर वाचायला गेला नाही तर मी त्याला दोष देणार नाही. पण मग रकाना रिकामा सोडावा ना. 'पाहिलं नाही' असं लिहायला लॉगशीटमध्ये जागा नसते. ती जागा असती तर अर्धी खोटी रीडिंगं थांबली असती.

थ्री माइल आयलंडवालेही यातलेच. दुसऱ्या युनिटमध्ये भट्टीच्या नळ्यांतून पाणी किती गळतं याची चाचणी घ्यायची होती, आकडा मर्यादेबाहेर जायचा, म्हणून मनासारखा येईपर्यंत चाचण्या घ्यायच्या आणि नकोशा फेकून द्यायच्या. अपघाताच्या आधीचे महिने हे चाललं होतं. १९८४ च्या फेब्रुवारीत कंपनीने एका आरोपात गुन्हा कबूल केला, बाकी सहांत विरोध केला नाही. दंड ४५ हजार डॉलर, वर दहा लाख आपत्कालीन नियोजनाला.

म्हणजे एप्रिल १९८१ च्या पेपरात जे झालं त्याची सवय हाताला आधीच लागली होती. काट्यावर काय आहे यापेक्षा काय असायला हवं ते लिहायचं. भाच्याला हे सांगितलं. तो म्हणाला, "मंग सात नसलं तर काय लिवू?"

"जे असेल ते."

"मालक विचारते ना मंग."

१४ मार्च. धूलिवंदन

दिवसभर घरात. कडक ऊन. मोहाची फुलं पडायला लागली, भाच्याने पिशवीभर आणली. बायकोने वाळत घातली.

१८ मार्च, मंगळवार

आता लिहितो.

१९८६. मी एका कारखान्याच्या स्वतःच्या वीजघरात होतो. कोणत्या, ते लिहीत नाही, जिल्ह्यात असे बरेच आहेत. तीन वर्षं फील्डवर काढली होती, डेस्कवर बसायला कंपनीची आतली परीक्षा पास व्हावी लागायची. पाचवा प्रश्न दहा गुणांचा होता. ड्रमच्या पातळीतला 'स्वेल' आणि 'श्रिंक' समजावून द्या. शब्द ऐकले होते. समजले नव्हते. पर्यवेक्षक चहाला गेले. शेजारच्याचा पेपर माझ्याकडे तिरका होता. आठ मिळाले.

तीन महिन्यांनी, डिसेंबरातली नाइट. दोन टर्बाइन चालू होती. एक ट्रिप झालं आणि सगळा लोड दुसऱ्यावर आला, माझ्यावर. टर्बाइनने वाफ ओढली, बॉयलरचा दाब पडला. दाब पडला की ड्रममधल्या पाण्यात बुडबुडे फुगतात, उतू जाणाऱ्या दुधासारखे, आणि पातळीचा काटा चढतो. पाणी वाढलेलं नसतं. उलट कमी होत असतं. हाच तो स्वेल. हेच मी दहापैकी आठ गुणांना लिहिलं होतं.

मला दिसला फक्त चढणारा काटा. मी फीडचं कंट्रोल हातात घेतलं आणि पाणी तोडलं. अर्ध्या मिनिटात काटा वळला आणि विहिरीत बादली पडावी तसा खाली गेला. लो ड्रम लेव्हल. बॉयलर ट्रिप. मग दुसरं टर्बाइन. मग कारखाना.

वीजघरातली शांतता बाहेरच्या माणसाला कळणार नाही. एवढी वर्षं कानात असलेला आवाज जातो आणि आपलं रक्त ऐकू येतं. बॅटरीवरचे पिवळे दिवे लागले. शिफ्ट इनचार्ज टॉर्च घेऊन धावत आले. काय झालं? मी म्हटलं, फीड व्हॉल्व्ह चिकटला साहेब.

इन्स्ट्रुमेंटवाल्या फिटरने तो व्हॉल्व्ह दोन दिवस खोलून पाहिला. काहीही निघालं नाही. त्याला मेमो मिळाला. तो मला कँटीनमध्ये म्हणाला, "भाऊ, तुम्ही पाहिलं ना चिकटलेलं? मग असेल." त्याला माझ्यावर विश्वास होता. तो गेला, सहा-सात वर्षं झाली. त्याच्या दिवसाला मी जाऊन आलो.

कुणी मेलं नाही. नळ्या तपासल्या, ठीक होत्या. पण ती रात्र आणि पेनसिल्व्हेनियातली पहाट यांत मला काही फरक दिसत नाही, आकार सोडला तर. चढणारा काटा पाहून पाणी तोडणारा हात. त्यांच्याकडे लायसन्स होतं, माझ्याकडेही. त्या व्हॉल्व्हच्या दिव्यासारखं. हुकूम सुटला होता, आत काही पोचलं नव्हतं.

आणि पुढे मीच पेपर काढायला लागलो. अकरा वर्षं. स्वेल आणि श्रिंक दरवर्षी विचारला, त्याच शब्दांत, दहा गुणांना. दरवर्षी सगळ्यांची उत्तरं एकासारखी एक यायची. मी आठ-आठ देत गेलो. सिम्युलेटर मागावा, निदान एकेकाला डेस्कवर उभं करून विचारावं, असं कितीदा मनात आलं. पेपर तपासणं सोपं होतं.

२५ मार्च, मंगळवार

लोकसभेत आज बॉयलरचं नवं विधेयक मंजूर झालं. राज्यसभेत डिसेंबरातच झालं होतं. १९२३ चा कायदा आता जाणार. त्याच्याही मागे १८६३ साली कलकत्त्यात बॉयलर फुटून माणसं मेली होती, त्यावरून १८६४ साली बंगालने तपासणीचा पहिला कायदा केला. आपल्याकडचा प्रत्येक असा कायदा स्फोटाच्या आवाजाने जागा झालेला आहे.

नव्यात सातपैकी चार गुन्हे फौजदारी राहतील, बाकीच्यांना दंड. व्यवसाय सुलभ व्हावा म्हणून. होवो. मला एक नोव्हेंबर २०१७ आठवला, उत्तर प्रदेशातलं उंचाहार. ५०० मेगावॅटचं नवं कोरं युनिट, भट्टीच्या तळाशी राखेचे दगड साचलेले, बॉयलर चालू ठेवून ते काढण्याचं काम चाललेलं, आणि आतला दाब फुटून बाहेर आला. चाळीसहून अधिक माणसं गेली. तिथे कागद आणि सर्टिफिकेटं कमी नव्हती. युनिट बंद करा, हे म्हणायची कुणाची छाती झाली नाही. हा प्रश्न कुठल्याच पेपरात नसतो.

२८ मार्च, शुक्रवार

थ्री माइल आयलंडच्या अपघाताला आज सेहेचाळीस वर्षं झाली. ते पहिलं युनिट २०१९ मध्ये परवडत नाही म्हणून बंद केलं होतं. गेल्या सप्टेंबरात बातमी आली की पुन्हा सुरू करणार, सगळी वीज मायक्रोसॉफ्ट घेणार, कॉम्प्युटरच्या गोदामांसाठी. पुन्हा ऑपरेटर लागतील, पुन्हा परीक्षा. मुलगा म्हणतो, बाबा, आता उत्तरंही कॉम्प्युटरच देतो.

संध्याकाळी भाच्याला सगळं सांगितलं. १९८६ चं. पहिल्यांदाच कुणाला. बायको स्वयंपाकघरात होती, तिचा पोळीचा आवाज मध्येच थांबला.

भाचा बराच वेळ नळीशी खेळत होता. मग त्याने विचारलं, "त्या फिटरच्या घरी कोण आहे जी?"

मी तीस हजारांबद्दल बोललो नाही, त्यानेही काढलं नाही. पाटल्यांबद्दल बहिणीला विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

१२ एप्रिल, शनिवार. चैत्र पौर्णिमा

महाकालीची यात्रा. झरपटीच्या काठावर पाय ठेवायला जागा नाही. मराठवाड्यातून आलेल्या बाया रात्रभर गात होत्या.

भाचा मिलमधल्या दोघांना घेऊन दर्शनाला आला. जेवताना मोबाइलमधला फोटो दाखवला. काच. नवी बसवली, काळी काढून. स्वतः मालकाच्या मागे लागला आणि बसवून घेतली म्हणे. पाणी स्पष्ट दिसत होतं, अर्ध्याच्या थोडं खाली. "हलते जी," तो म्हणाला. फोटोत कसं कळणार, पण मी मान हलवली.

दुसरा फोटो लॉगशीटचा. ७.०, ७.०, ६.४, ६.६, ७.०.

"साडेतीन वाजता कोंडा ओला आला होता. दाब पडला. लिवला."

"मग?"

"सुपरवायझरनं विचारलं, हे काहून कमी? मी सांगितलं, काट्यावर होतं. त्यानं म्हटलं, बरं." पोळीचा तुकडा वरणात बुडवत राहिला. "मंग दुसरी कोरी शीट देली. सात-सात लिवून मांगितलं. परवा इन्स्पेक्शन आहे म्हणे."

"लिहिलंस?"

"हाव."

बायकोने त्याच्या ताटात भात वाढला. पहिली शीट कुठे आहे विचारलं. घडी करून खिशात होती. माझ्याकडे दिली, ठेवा म्हणाला. मी या वहीत ठेवली आहे. परीक्षा पुढच्या आठवड्यात.